मुकी गाडी

किक मारता मारता हे मध्येच थांबले आणि टाकीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. गाडीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लागल्या होत्या, त्यांत तांब्याच्या कळशा, तांबे, तामणं. मागच्या लोखंडी कॅरिअरवर पातेल्यांची चळत दोरीनं आवळलेली. म्हसवडच्या बाजाराला निघालो होतो. मी डोक्याला फडकं बांधून तयार होते.

"गुडघा?" मी विचारलं.

ते सुईकडे बघत राहिले. बुलेटच्या दिव्याच्या वर एक बारीक सुई असते. ती मध्यावर आणायची आणि मग सगळं अंग घालून एकदाच किक मारायची, अशी ती गाडी. आमचा मुलगा प्रभाकर पाळण्यात होता तेव्हा घेतलेली. उभ्या आयुष्यात यांनी तिला कधी दुसरी किक मारली नाही म्हणून आळीत नाव होतं. आता साठी उलटली होती, आणि उजवा गुडघा ओट्याची पायरी चढतानाही कुरकुरत होता.

समोर घागर ठोकत बसलेला यांचा पुतण्या दत्तू म्हणाला, "काका, सरका, मी मारतो." यांनी मान वर केली नाही. दत्तूनं पुन्हा हाक मारली, मग हातोडी ठेवून उठला आणि खांद्याला हात लावला, तेव्हा हे बाजूला झाले. मला वाटलं, राग आला असेल. गाडीला दुसऱ्याचा पाय लागलेला त्यांना खपत नसे.

वडूजच्या आमच्या तांबट आळीत घरं मोजकीच, पण दिवसभर तांब्यावर हातोडी चालायची. कोणाशी बोलायचं तर ओरडून, आणि पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. नवी सून आली की तिला पहिले काही दिवस वाटायचं, इथं सगळे भांडतायत. मलाही वाटलं होतं. हे पोरवयापासून त्या ठोक्यांत बसलेले. पुढं भाऊ घरी ठोकायला बसला आणि हे माल घेऊन बाहेर पडले. पुसेगावची जत्रा, औंधची जत्रा, म्हसवडचा रथ, खाली आटपाडीपर्यंतचे बाजार, लग्नसराईत तर कुठं कुठं. मागच्या सीटवर मी. प्रभाकर आजीपाशी वाढला, आणि आम्ही दोघं गाडीवर.

त्या गाडीवरच मी अक्षर शिकले. माझ्या माहेरी मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. गाडी घेतली त्या वर्षी मागून मी काहीबाही बोलायची, अहो ते बघा, अहो हे बघा. हे गप्प. एकदा गाडी थांबवून म्हणाले, "वाऱ्यात काही कळत नाही. सांगायचं ते पाठीवर लिहीत जा."

"मला कुठं लिहायला येतं?"

"मग शिक की. रस्ताभर दुसरं काय काम आहे तुला?"

मैलाच्या दगडापाशी गाडी उभी करायचे आणि त्यावरचं अक्षर माझ्याकडून बोटानं गिरवून घ्यायचे. पुढच्या दगडापर्यंत ते मी त्यांच्या पाठीवर काढत राहायचं. चुकलं की मान हलवायचे. पहिलं नाव मी लिहिलं ते त्यांचंच. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची मला चोरी होती, पण बोटानं घ्यायला कोणी मनाई केली नव्हती. "आईनं तुझी सोय बघूनच ठेवलंय," ते म्हणाले. "काना नाही, मात्रा नाही." गणपत. मी ते पाठीवर लिहिलं की ते पुढं बघूनच मोठ्यानं "ओ" द्यायचे, आणि शेतातली माणसं मान वर करून बघायची.

मला त्यांनी धंदाही शिकवला. गिऱ्हाईक बहुतेक बायका, तेव्हा बाईशी बाईनंच बोलावं असं त्यांचं म्हणणं. भाव मी करायची. बाई कळशीवर टिचकी मारून बघायची, तसे हेही मला कळशी द्यायचे आणि म्हणायचे, "तू वाजवून सांग, तुझा कान चांगला आहे." मला त्याचा फार अभिमान होता. आळीतल्या कुठल्याच बाईला तिचा नवरा असं म्हणत नव्हता.

त्या बाजाराहून आलो आणि दत्तूनं चिंचवडला प्रभाकरला फोन करून गुडघ्याचं सांगितलं. फोन आला तो नेहमीसारखा मीच घेतला. यांना ते यंत्र आवडत नसे, "तू बोल, मी इथंच आहे" म्हणायचे. प्रभाकर म्हणाला, आता बास करा, बुलेट विकून टाका आणि इकडं या, खोली तयार आहे. पोरगा चांगला, सून चांगली. पण मागं आम्ही तिकडे जाऊन राहिलो होतो तेव्हा हे दिवसभर गॅलरीत बसून खालचा रस्ता बघायचे. जेवायला हाक मारली तर उठायचे नाहीत, हात धरून आणावं लागायचं. कोणाशी एक शब्द नाही. परत आलो, पिशव्या बांधल्या, बुलेटवर बसलो, आणि कोरेगावपर्यंत यांची शीळ चालू होती. गाडी सुटली तर हा माणूस बसल्या जागी विझेल, याची मला खात्री होती.

म्हणून मीच विषय काढला की गाडी बदलू. बटनाची घेऊ.

दत्तूकडे हिरो होंडा होती. हे नाही नाही म्हणत तिच्यावर बसले, आळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"मुकी आहे ती. मला नको."

"मुकी असली तर असू द्या. नेईल ना म्हसवडला?"

"गाडीनं सांगावं लागतं, अनशे."

"काय सांगायचंय तिनं? पेट्रोल संपलं की थांबेल."

ते चपला काढून तळपायावरून हात फिरवत बसले, जणू पायात काटा राहिला होता. दत्तू हसून म्हणाला की काकाला बुलेटचा रुबाब सोडवत नाही. मलाही तसंच वाटलं. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच गाडी पुसायला घेतली. चाकांच्या तारा एकेक करून पुसल्या. मग म्हणाले, "चल साताऱ्याला. जुनी घेऊन नवी देतात म्हणे. बघून तरी येऊ."

दत्तूनं किक मारून दिली. रिकाम्या गाडीवर बसायची मला सवय नव्हती, मांडीला पिशवी लागली नाही की पडल्यासारखं वाटायचं. माझ्यापुढं सीटच्या मध्ये धरायला एक मूठ होती. यांनी ती तांब्यानं मढवून वर बारीक ठोके घातले होते, हात घसरू नये म्हणून. वर्षानुवर्षं धरून ती मधोमध गुळगुळीत झाली होती. दोन्ही बाजूंना मोठे आरसे. ते आरसे बसवले तेव्हा आळीत चेष्टा झाली होती, गणपत नवरी आहे का एवढं तोंड बघायला. आणि आरसे असूनही मागून ट्रक आला की मी उजव्या खांद्यावर थाप मारायची, ही माझी कामगिरी पहिल्यापासूनची.

वर्धनगडचा घाट उतरताना मी पाठीवर लिहिलं, "रागावलात?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. थोडं पुढं गेल्यावर डावा हात मागं आणून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि परत नेला.

शोरूममध्ये निसार नावाचा तरणा विक्रेता होता, बोलायला गोड. बुलेट बघून त्यालाच आनंद झाला. वाकून इंजिन बघितलं, गाडी फार प्रेमानं वापरली आहे म्हणाला, आणि अशीच गाडी मागणारं गिऱ्हाईक आधीच येऊन गेलंय. मग त्यानं आम्हाला लाल रंगाची नवी गाडी दाखवली. हे तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. कागदाचं, हप्त्याचं सगळं तो सांगत होता आणि हे त्याच्या तोंडाकडे एकटक बघून मान हलवत होते. किती मन लावून ऐकतायत, असं मला वाटलं.

निसारनं गाडी बाहेर काढली आणि बटन दाबून चालू केली. खरंच, उभी आहे की चालू आहे ते बघून कळत नव्हतं. बारीक गुणगुण तेवढी. तो मागं सरला आणि यांच्या पाठीमागून म्हणाला, "बसा काका, चालूच आहे."

हे बसले. हँडल धरलं. जरा वेळ तसेच बसले. मग त्यांनी अंगठ्यानं बटन दाबलं.

कर्रकन आवाज झाला, पत्र्यावर पत्रा घासावा तसा. निसार दचकला. दारातला पहारेकरी वळून बघायला लागला. माझ्या दातांतून कळ गेली. फक्त हे तसेच बसलेले, समोर बघत, अंगठा बटनावर. आणि त्यांनी ते पुन्हा दाबलं.

"काका, चालू आहे, चालू आहे," निसार मागून ओरडला. यांची मान हलली नाही.

मी पुढं झाले. त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे. ते ओठांकडे बघणं मी हजारदा बघितलं होतं. बाजारात, घरात, कोरेगावला चहाच्या टपरीवर. मला वाटायचं, हा माणूस समोरच्याला किती मान देतो.

वारा नव्हता तिथं. ठोकेही नव्हते. सिमेंटचं स्वच्छ अंगण होतं आणि ऊन.

मी त्यांचा हात बटनावरून उचलला आणि खाली इंजिनाशेजारी पत्र्यावर टेकवून धरला. तिथं बारीक थरथर होती. त्यांनी डोळे मिटले. बोटं थोडी हलवली, कळशीचा पोचा शोधताना हलवायचे तशी. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यात असं काही होतं की मला मान फिरवावीशी वाटली. मी फिरवली नाही.

निसार जवळ आला होता. काय झालं म्हणून विचारत होता, त्याच्या आवाजात शंका होती. मी म्हटलं, "बुलेटवाले आहेत ते. गाडी अंगाखाली हलल्याशिवाय चालू झाल्यासारखी वाटत नाही त्यांना."

तो हसला. सगळ्या बुलेटवाल्यांचं असंच होतं म्हणाला, गिअर आणि ब्रेकचे पायही उलटे वाटतात, आठवड्यात बसतं सगळं. हे अंगणात हळूहळू दोन फेऱ्या मारून आले. पाय चुकले, एकदा गाडी गचका खाऊन बंद पडली, ती बंद पडल्याचं त्यांना ती थांबल्यावर कळलं. उतरले आणि माझ्यापाशी येऊन, खाली बघून, हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे, अनशे. नको. बुलेट देऊन टाकू आणि जाऊ प्रभाकरकडे."

ज्या फिरण्यासाठी मी एवढे दिवस भांडत होते ते सोडून द्यायला तो माणूस तयार झाला होता, आणि आता होय म्हणणं सोपं होतं. कोणाही शहाण्या बाईनं होय म्हटलं असतं. मी त्या अंगणात उभी राहून बाहेर रस्त्याच्या कडेला लावलेल्या बुलेटकडे बघत होते. आम्ही आलो तेव्हा त्यांनी ती बंद केली नव्हती. पुन्हा किक मारायला लागू नये म्हणून चालूच ठेवली होती. ती जागच्या जागी धडधडत होती, मागची पाटी, आरसे, माझी मूठ, सगळं हलत होतं. तिचं ते सांगणं मला तेव्हा कळलं. ती त्यांच्याशी तळपायातून बोलायची. कधी गिअर बदल, कधी दम घेऊ दे, कधी तेल बघ.

मी निसारला हाक मारली.

"घेतो आम्ही," मी म्हटलं. "फक्त आरसे मोठे बसवून द्या. दोन्ही बाजूंना."

तो म्हणाला गाडीला आरसे आहेत की. मी म्हटलं ते लहान आहेत, मोठे हवेत, बुलेटला आहेत तेवढे. हे बोलताना मी यांच्याकडे तोंड करून बोलत होते, प्रत्येक शब्द नीट. ते माझ्या ओठांकडे बघत होते. आरसे हा शब्द झाला आणि त्यांच्या कपाळावरची शीर हलली.

"काका काय म्हणतात?" निसारनं विचारलं.

"मी मागं बसते ना," मी त्यांनाच म्हटलं.

ते निसारकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब सांगतात तसं करा. धंदा त्यांचाच आहे."

कागदांवर सह्या झाल्या. मीही एका ठिकाणी साक्षीदार म्हणून सही केली, आणि त्यांनी ती मान वाकडी करून बघितली. मग ते बुलेटपाशी गेले. मी लांबच थांबले. त्यांनी टाकीवर तळवा ठेवला, पसरून, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. खूप वेळ ठेवला. मग दुसऱ्या हातानं गाडी बंद केली, आणि तळवा तसाच राहू दिला, तिची शेवटची धडधड निघून जाईपर्यंत. पान्हा मागून घेऊन माझी मूठ तेवढी सोडवली. नव्या गाडीला ती बसेना. मग ती माझ्या खांद्याच्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, घरी ठोकून बसवीन.

तोवर धरायला काही नव्हतं, म्हणून निघताना मी दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर ठेवले.

कोरेगावपर्यंत सरळ रस्ता होता. मी गाडी ऐकत होते. आयुष्यभर मागं बसले होते, पण ऐकत अशी पहिल्यांदाच. सुरुवातीला सगळं एकसारखं वाटलं, मग हळूहळू वेगळं लागायला लागलं. हिचा आवाज पातळ, पण मुकी नव्हती ती. मोकळ्या रस्त्यावर तिचा एक सूर होता, बैलगाडीच्या मागं अडकलो की दुसरा. पितळ वेगळं वाजतं आणि तांबं वेगळं, तेवढाच काय तो फरक.

मागून ट्रक आला. मी उजव्या खांद्यावर थाप मारली, त्यांनी गाडी कडेला घेतली. हे नेहमीचंच होतं. ट्रक गेल्यावर मात्र त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

वर्धनगडचा घाट लागला. चढ सुरू झाला तसा गाडीचा सूर बदलला, घोगरा झाला. यांचं लक्ष पायांत होतं, आणि पायाला काही कळत नव्हतं. त्यांचे खांदे ताठ झाले होते. गाडी धापा टाकायला लागली, आता एखाद्या वळणावर बंद पडणार आणि मागं घसरणार. कडेला खोल दरी नव्हती, पण दगड होते.

मी डावा हात खांद्यावर घट्ट धरला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यांच्या पाठीवर गिअरचा आकडा, मोठा तीन काढला.

काही झालं नाही. मी पुन्हा काढला, जोरात. त्यांचा डावा पाय हलला. गाडीनं श्वास घेतला आणि सुटली. पुढच्या वळणावर मी दोन काढला. या वेळी बोट उचलायच्या आत पाय हलला. वर मंदिराच्या कमानीपर्यंत आम्ही असेच गेलो, दोन, तीन, परत दोन. माथ्यावर सपाटी लागली तेव्हा मी चार काढला, आणि त्यांच्या खांद्यातला ताठा माझ्या हाताखाली उतरला.

आता तिन्हीसांजेचा गार वारा येत होता. पुसेगावचं देऊळ लांबून दिसायला लागलं होतं. मला काहीतरी लिहायचं होतं, पण कुठून सुरू करावं कळेना. शेवटी मी चार अक्षरं लिहिली, काना नाही, मात्रा नाही.

"ओ," ते मोठ्यानं म्हणाले.

रस्त्यालगत भुईमुगाच्या वावरात एक बाई होती, तिनं कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. आयुष्यात मी त्यांना अहो म्हणून किती हाका मारल्या असतील. त्यांतल्या एकीलाही हा ओ आला नव्हता. तो फक्त बोटाला यायचा.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी समोर बघूनच विचारलं, "शोरूममधल्या पोराला कळलं का गं?"

मी लिहिलं, "नाही."

रस्ता वळला, परत सरळ झाला.

"आणि तुला?"

हे विचारताना त्यांनी मान मागं वळवली. पूर्ण वळवली, माझं तोंड बघायला, आणि गाडी तशीच पुढं चाललेली. समोरून उसाची बैलगाडी येत होती. मी घाईघाईनं त्यांच्या पाठीवर लिहिलं, इतक्या घाईनं की अक्षरं एकमेकांवर चढली.

"पुढं बघा."

त्यांनी मान फिरवली, बैलगाडी चुकवली आणि मग हसायला लागले. आवाज न करता हसत होते, पण मला आवाजाची गरज नव्हती. माझा तळहात त्यांच्या पाठीवर पसरलेला होता आणि ती पाठ माझ्या हाताखाली हलत होती, बुलेट जागच्या जागी उभी असताना हलायची तशीच.